बाबांनी पुन्हा शास्त्रपाठ वाचावा म्हणून

नाशिक

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

बाबा, तुम्ही रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचणे बंद केले आहे, हे मला आत्याकडून कळले. कारण विचारल्यावर तिने आधी तुमच्या चष्म्याचे निमित्त सांगितले, आणि मग राहवले नाही म्हणून खरे ते सांगून टाकले. ज्याला आपल्या घराची व्यवस्था नीट ठेवता आली नाही त्याने देवाच्या मंडळीपुढे उभे राहू नये, असे तुम्ही पाळकसाहेबांना म्हणालात. त्या दिवसापासून माझ्या मनाला चैन नाही. फोनवर हा विषय निघाला की आईला रडू येते आणि तुम्ही नाशिकच्या पाण्यापावसाची चौकशी करू लागता, म्हणून जे सांगायचे आहे ते सविस्तर लिहूनच कळवते आहे.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातला तो भाग मला चांगला ठाऊक आहे, कारण संडे स्कूलच्या परीक्षेसाठी तुम्हीच तो माझ्याकडून पाठ करून घेतला होता. परंतु तिथे मंडळीच्या अध्यक्षाच्या कामाविषयी आणि त्या माणसाच्या घरात, त्याच्या हाताखाली वाढणाऱ्या मुलांविषयी लिहिले आहे. लग्न होऊन सासरी गेलेल्या, वयाने चाळिशीला आलेल्या मुलीशी तिचा नवरा कसा वागला, याचा जाब तिच्या बापाकडून मागावा असे पौलाने कुठेही म्हटलेले नाही. तुम्ही स्वतःला जी शिक्षा करून घेतली आहे ती ना मंडळीने केली, ना शास्त्राने.

त्या घरात काय चालत असे ते तुम्हा दोघांना माहीत आहे. ते पुन्हा इथे लिहीत नाही. न्यायालयात घटस्फोटाचा निकाल लागल्यावर बाबा एवढेच म्हणाले होते की, माणसांनी कागद केला तरी देवापुढे लग्न टिकलेलेच असते. मी तेव्हा गप्प राहिले, कारण त्या वाक्यात माझ्यावर राग नव्हता, काळजी होती, हे मला कळत होते. परंतु त्या वाक्याने मला देवापासून फार दूर नेले, हेही खरे आहे. आपल्या घरी लहानपणापासून देवाची कृपा आणि सुखाचा संसार ही दोन्ही एकाच प्रार्थनेत मागितली गेली; कोणाचे लग्न ठरले, कोणाला मूल झाले, की आपण साक्ष देत होतो. त्यामुळे माझा संसार मोडला तेव्हा कृपाही गेली, असे मी धरून चालले. नाशिकला नोकरी घेतल्यावर मी चर्चला जात होते, पण शेवटच्या बाकावर बसत होते, आणि प्रभुभोजनाच्या वेळी भाकर घ्यायला रांग पुढे सरकू लागली की मान खाली घालून जागेवरच राहत होते. मला कोणी अडवलेले नव्हते. हात जोडले तरी तोंडातून शब्द फुटत नसे, आणि जे गीत लहानपणापासून पाठ आहे त्याची दुसरी ओळही आठवत नसे.

यातून मी बाहेर कशी आले ते आता सांगते. त्यात चमत्कार किंवा दर्शन असे काही घडलेले नाही.

मी राहते त्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात. त्यांची सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात गेली. दोन्ही डोळ्यांची दृष्टी बरीच गेल्यामुळे त्यांना बायबल वाचता येत नाही. मी शाळेत शिकवून परतत असताना एकदा त्यांनी मला दारातच थांबवून विचारले, "बाई, संध्याकाळी एक स्तोत्र वाचून दाखवशील का?" नाही म्हणणे जमले नाही. मी आपली सवयीची, आईची आवडती, तेविसावे, एकशे एकविसावे, अशी निवडू लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाल्या, "निवडू नकोस. पहिल्यापासून घे, आणि गाळू नकोस." त्यांच्याकडे मोठ्या टाइपाचे, पाठीला कापडी पट्टी लावलेले जुने बायबल आहे. मी वाचत असताना त्या पदर डोक्यावर घेऊन बसतात आणि समजत नाही ती ओळ परत वाचायला लावतात.

क्रमाने वाचू लागल्यावर मला पहिल्यांदा कळले की, स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांमध्ये रडणे आणि देवाशी भांडणे किती आहे. तू का लपलास, तू किती वेळ विसरणार, माझे मित्र तू माझ्यापासून दूर केलेस, असे देवाला तोंडावर विचारणारी माणसे त्या पुस्तकात पानोपानी आहेत. आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत ती स्तोत्रे कधी आलीच नाहीत, कारण आपण अभिवचनाच्या ओळी तेवढ्या वेचून घेत होतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आले त्या संध्याकाळी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले. इतर बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी शेवटी विश्वासाचे एखादे वाक्य येते आणि मन निवते. हे स्तोत्र मात्र अंधारावरच संपते. मी पान उलटून पाहिले. पुढे एकोणनव्वदावे सुरू झालेले होते. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "संपलं ते. आता प्रभूची प्रार्थना म्हण." आणि मी म्हटली. पुष्कळ काळाने, अडखळत, पण शेवटपर्यंत म्हटली.

आई, त्या संध्याकाळी माझ्या दुःखाला उत्तर मिळाले असे काही झाले नाही. पण ज्या माणसाच्या तोंडी अंधाराखेरीज काही उरले नाही, त्याचे बोलणेही पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणून जपले गेले आहे, आणि तोही सुरुवातीला देवाला आपल्या तारणाचा देव म्हणूनच हाक मारतो आहे, एवढे मला दिसले. उत्तर न मिळता हाक मारत राहणे हाही विश्वासच असेल, तर माझा विश्वास मेलेला नव्हता. तिथून मी परत सुरुवात केली.

त्यानंतर ज्या वचनांची मला भीती वाटत होती ती मी एकेक करून उघडली. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव घटस्फोटाचा तिटकारा करतो असे आहे, आणि ते वचन मला नातेवाइकांनी पुष्कळदा ऐकवले. पण संदेष्टा तिथे रागावला आहे तो तरुणपणीच्या पत्नीशी बेइमानी करणाऱ्या पुरुषांवर, आणि त्याच वचनात जुलूमजबरदस्तीचाही तितकाच धिक्कार आहे. तो अर्धा भाग मला कोणीही वाचून दाखवला नव्हता. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायाचेही तसेच आहे. परूशी, म्हणजे त्या काळचे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, येशूला विचारतात की, वाटेल त्या कारणावरून बायको टाकणे योग्य आहे काय. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायाचा अर्थ कसा लावायचा यावर त्या काळी हिल्लेल आणि शम्माय या यहुदी गुरूंच्या शिष्यपरंपरांत वाद होता, आणि हिल्लेलच्या बाजूचे लोक स्वयंपाक करपवला एवढ्या कारणावरूनही सूटपत्र देणे चालते असे मानत. देवाने जोडले ते माणसाने तोडू नये, हे प्रभूचे कठोर शब्द या रिवाजाला उद्देशून आहेत. ज्या बाईला कधीही घराबाहेर काढता येत होते तिच्या बाजूने तो बोलत होता. लग्न ही देवाने जोडलेली गाठ आहे हे मी आजही मानते, बाबा, आणि म्हणूनच ती तुटल्याचे दुःख मी हलके करून सांगत नाही. फक्त ती कोणी तोडली हे पाहिल्यावाचून तुटलेल्या गाठीचा दोष जी निघून आली तिच्यावर टाकणे मला आता मान्य नाही.

कायद्याबद्दलही एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा 1869 सालचा आहे, आणि 2001 साली त्यात दुरुस्ती होईपर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा दाखवणे पुरत असे, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. आपल्या आजीच्या पिढीतल्या किती बायका केवळ याच कारणाने मुकाट्याने राहिल्या असतील! तेव्हाची घरे मोडत नव्हती म्हणून ती देवाला आवडत होती, असे मानायला मला जड जाते.

मामा मला लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण देतो. त्या इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या आणि मग परत त्यांच्या संसारात आल्या, तर तू का नाही, असे त्याचे म्हणणे. मामाला दुखवायचे नाही, पण त्या उदाहरणातून मला वेगळेच शिकायला मिळते. त्यांच्यामध्ये जे आले होते ते धर्मांतर आणि सोवळेओवळे होते. त्या वेगळ्या राहिल्या त्या हात उगारण्यामुळे नव्हे. शिवाय लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागोमाग लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचे मन त्यांच्या गतीने बदलत गेले आणि 1900 साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याचा विश्वास उसना घेऊन चालत नाही, हे त्यांच्या आयुष्यातून मला दिसते. तुमचा विश्वास मी लहानपणी घेतला, तो चांगला होता, त्याने मला पुष्कळ वर्षे सांभाळले. पण आज जो आहे तो मला स्वतःला उभा करावा लागला.

प्रभुभोजनाचेही लिहिते, म्हणजे तुमची काळजी मिटेल. इथल्या पाळकांकडे मी मन मोकळे केले तेव्हा त्यांनी मला उपदेश केला नाही. ते एवढेच म्हणाले की, धरून दिला गेला त्या रात्री प्रभूने भाकर मोडली ती त्याच रात्री पळून जाणाऱ्या शिष्यांना आणि कोंबडा आरवण्याआधी नाकारणाऱ्या पेत्रालाही दिली, मग तुम्ही कोणत्या योग्यतेची वाट पाहता आहात? पुढच्या वेळी मी उठले. माझ्या पुढे त्या नर्सबाई होत्या, त्यांना कठड्याशी गुडघे टेकायला मी हात दिला, आणि मग त्यांच्या शेजारीच टेकले.

क्षमेविषयी आई दर फोनवर विचारते. मी माझ्या पूर्वीच्या नवऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना करते. त्याचे वाईट व्हावे असे आता मनात येत नाही, कधी आलेच तर तेही देवापुढे बोलून टाकते. परंतु क्षमा करणे आणि परत एका छपराखाली राहायला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी होणार नाही. म्हणून आई, माझा संसार परत जुळावा अशी जी प्रार्थना तू रोज पहाटे करतेस ती आता थांबव, असे मी तुला हात जोडून सांगते. तुझी प्रार्थना मला हवीच आहे. माझी प्रकृती, माझ्या वर्गातली मुले, रात्री घरी एकटी असते तेव्हाचे माझे मन, यांच्यासाठी ती कर. आणि महिला मंडळात कोणी विचारले तर "नोकरीमुळे ती नाशिकला असते" असे सांगू नकोस. तिचा घटस्फोट झाला आहे आणि ती प्रभूमध्ये बरी आहे, असे सांग. पहिल्यांदा सांगताना जीभ जड होईल. त्या मंडळात आणखी कोणाच्या तरी लेकीचे असेच लपवलेले असेल, आणि तुझ्या सांगण्याने त्या आईलाही बोलता येईल.

मी राहते त्या शरणपूर भागाची एक हकीगत तुम्हाला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने ही ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे आणून शिकवली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत चालला. त्या मुलांना घर, आईबाप, काहीच राहिलेले नव्हते. घर शाबूत असलेल्यांनाच मंडळीत जागा असती, तर नाशिकची मंडळी उभीच राहिली नसती. बाबा, हे मी मुद्दाम तुमच्यासाठी लिहिले आहे.

अजून अवघड दिवस येतात. मंडळीत लग्न लागते तेव्हा वचने ऐकताना मला बाहेर येऊन उभे राहावे लागते, आणि नाताळात सगळी घरे भरलेली असताना आपल्या खोलीचे कुलूप उघडणे नकोसे वाटते. त्या दिवसांत मी देवाला तसेच सांगते आणि झोपते.

बाबा, पुनरुत्थानाच्या सणाला मी नगरला येते आहे. शनिवारी दुपारची गाडी धरीन, म्हणजे रात्रीच्या जेवणापर्यंत पोहोचेन. रविवारचा शास्त्रपाठ तुम्ही वाचावा, असे मी पाळकसाहेबांना फोन करून विचारले आहे, आणि ते आनंदाने हो म्हणाले आहेत. तुम्हाला न विचारता केले म्हणून रागवाल, तर मी आल्यावर रागवा. योहानाचा विसावा अध्याय आहे. चष्म्याचा नंबर खरोखरच वाढला असेल तर शुक्रवारच्या आत तपासून घ्या. दुकानदार दोन दिवसांत भिंगे बदलून देतो. आईने डिंकाचे लाडू करण्याच्या खटाटोपात पडू नये, तिचे गुडघे आधीच दुखतात. मी येताना इथला चिवडा आणीन.

तुमची लाडकी लेक