सईच्या बी.ए.बद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "बी.ए.च ना शेवटी?" आणि फोन आईकडे दिला. तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. इथे अमेरिकेतल्या कॉलेजात सईची जागा १ मेच्या आत पक्की करायची होती, म्हणून मी दादाला "हो म्हणून टाक" सांगितलं आणि तुम्हाला मागाहून कळलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. त्याबद्दल माफ करा. निर्णयाबद्दल मात्र मी ठाम आहे. मुलांना विषय निवडायला मदत करणं हेच माझं रोजचं काम, म्हणून नीट लिहूनच सांगते.

बाबा, आधी त्या बी.ए.चं. ॲमहर्स्ट आणि विल्यम्स ही इथली लिबरल आर्ट्‌सची, म्हणजे एका मुख्य विषयाबरोबर विज्ञान, भाषा, कला असं सगळंच शिकवणारी, अगदी नावाजलेली कॉलेजं. तिथे पदवीला भौतिकशास्त्र घ्या, रसायन घ्या नाहीतर गणित, हातात बी.ए.च पडते. बी.एस्सी. ते देतच नाहीत. १९८९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले थॉमस चेक ग्रिनेल कॉलेजचे बी.ए. २०२० साली तेच नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या बी.ए. तुम्ही आमच्या विज्ञानाच्या पुस्तकांना इतक्या हौसेने कव्हरं घालायचात, ती पुस्तकं सईच्या हातून सुटलेली नाहीत.

आता तिचा अभ्यास कसा असेल ते सांगते. चार वर्षं, आठ सेमिस्टर, दर सेमिस्टरला चार कोर्स, म्हणजे एकूण बत्तीस. त्यातले दहा-बारा मुख्य विषयाचे. बाकीच्यांत लेखन, एक परकी भाषा, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र, एखादी कला, आणि मोकळे कोर्स. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचा. पहिल्याच सेमिस्टरला पंधरा-सोळा मुलांचा एक सेमिनार असतो. त्यात दर थोड्या दिवसांनी निबंध लिहायचा, प्राध्यापकांनी खुणा केलेला परत घ्यायचा आणि पुन्हा लिहायचा. आई, तू आम्हाला पत्र तीनदा लिहायला लावायचीस, तसंच अगदी. शे-दीडशे मुलांच्या वर्गात सई कोपऱ्यात गप्प बसली असती. इथे तिला गप्प बसताच येणार नाही, आणि मला याच गोष्टीचं सगळ्यात जास्त महत्त्व वाटतं.

दोन वर्षं विषय ठरवायला मिळतात म्हणून पहिलं वर्ष हवं तसं घालवायचं, ही चूक मात्र पुष्कळ मुलं करतात. सईच्या मनात आहे ते भौतिकशास्त्र पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातं आणि त्याची पहिली पायरी बहुतेक ठिकाणी फक्त ऑगस्टच्या सेमिस्टरमध्ये असते. तेव्हा कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र घेतलं नाही की अख्खं वर्ष मागे पडतं. मग तिसऱ्या वर्षी परदेशातल्या विद्यापीठात एक सेमिस्टर काढायची संधीही हातची जाते, कारण राहिलेले कोर्स इथेच बसून पुरे करावे लागतात. म्हणून सईचं पहिलं सेमिस्टर मी असं सुचवलंय: कॅल्क्युलस, प्रयोगशाळेसकट भौतिकशास्त्र, सेमिनार आणि स्पॅनिश. प्रयोग आठवड्यातून एक दुपार, तीन तास.

इंजिनिअरिंगचं दार बंद झालं असंही नाही. तीन वर्षं लिबरल आर्ट्‌स आणि पुढची दोन इंजिनिअरिंग कॉलेजात, शेवटी दोन पदव्या, अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. कोलंबिया विद्यापीठाची अशी योजना आहे. पण त्यासाठी गणित, भौतिकशास्त्र, रसायन ठरलेल्या क्रमाने पुरं लागतं, गुण चांगले लागतात, आणि पहिल्या कॉलेजची शिष्यवृत्ती दुसरीकडे आपोआप चालू राहत नाही. म्हणून मी त्यावर भिस्त ठेवलेली नाही, फक्त वाट खुली ठेवली आहे.

दादा विचारत होता, संशोधनाचं काय? सरकारी पैशावर चालणारी उन्हाळी संशोधनाची प्रसिद्ध योजना अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच असते. परदेशी मुलं तिथे अर्ज करून महिने घालवतात आणि मग हिरमुसतात. सईने कॉलेजच्या स्वतःच्या उन्हाळी निधीसाठी अर्ज करायचा. त्यासाठी एखादे प्राध्यापक तिला प्रयोगशाळेत घ्यायला तयार हवेत, म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन बसायचं. अडचण नसली तरी जायचं. पुढे शिफारसपत्रं हीच माणसं लिहितात.

आणि अर्थशास्त्राकडे वळलीच, तर एक गोष्ट आधी बघायची. शिक्षण संपल्यावर इथे बारा महिने काम करता येतं. विषय सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असेल तर आणखी चोवीस. साधं अर्थशास्त्र त्या यादीत नाही, संख्यात्मक अर्थशास्त्र आहे. नाव तेच वाटतं, पण कागदावरचा कोड वेगळा असतो. विषय जाहीर करण्याआधी हा कोड विचारून घ्यायचा. पदवीच्या वर्षी विचारून उपयोग नसतो.

बाबा, रागावू नका, पण एफडी मोडायची नाही. कॉलेजकडे आर्थिक मदतीचा अर्ज प्रवेशाबरोबरच केला होता (बऱ्याच कॉलेजांत परदेशी मुलांना तो मागाहून करता येत नाही) आणि ती मंजूर झाली आहे. वरखर्चापुरतं ती कॉलेजमध्येच काम करेल, ग्रंथालयाच्या टेबलावर किंवा लेखन केंद्रात. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर परवानगी नसते. मी तिला आठच्या वर करू देणार नाही.

राहण्याची काळजी नको. पहिल्या वर्षी सगळ्यांना वसतिगृहातच ठेवतात. खोली उबदार असते, तिन्ही वेळचं जेवण तिथेच, शाकाहारी मिळतं. कॉलेजचा दवाखाना आहे, विमा आहे. डिसेंबरच्या सुट्टीत बरीच वसतिगृहं बंद होतात. ते दिवस ती माझ्याकडे असेल, माझ्याच पांघरुणात.

आता तुमचं. गोळ्यांचा आठवड्याचा डबा सई भरायची, वीज-गॅसची बिलं तीच भरायची, हे मला माहीत आहे. ती नसताना घर किती रिकामं वाटेल, हे लिहायला हात धजत नाही. डबा आता वहिनी दर रविवारी भरेल. बिलं मी इथून भरते. बाबा, बीपी सकाळी बसूनच मोजायचं आणि वहीत लिहायचं, "ठीक आहे" असं तोंडी चालणार नाही. आई, माळ्यावरची बॅग स्वतः काढायची नाही. दादा काढेल.

आणखी दोन गोष्टी. जुलैत तिची गणिताची ऑनलाइन चाचणी आहे, त्यावरून वर्ग ठरतो. दादाला म्हणावं, शेजारी बसू नकोस. मदत घेऊन वरच्या वर्गात गेलेली मुलं पाचव्या-सहाव्या आठवड्यात गटांगळ्या खातात. दुसरं, तिने फोनवर "एक कोर्स सोडते" म्हटलं तर घाबरू नका. पहिल्या आठवडाभरात-दोन आठवड्यांत सोडलेला कोर्स गुणपत्रिकेवर येत नाही. दर कोर्सचे चार असे तिच्याकडे सोळा क्रेडिट असतील, एक सोडला तर बारा उरतात. विद्यार्थी व्हिसावर बारा लागतातच, म्हणजे दुसरा सोडायचा नाही. सोडण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारायचं. एवढं तुम्ही तिला आठवण करून दिलंत तर ती ऐकेल. माझं ऐकेल की नाही, सांगता येत नाही. तुमचं ऐकते.

फोन दर रविवारी, तिच्या सकाळी नऊला, म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळी साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, त्या दिवसापासून साडेसात. आई, कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेव, नाहीतर साडेसहापासून फोन हातात धरून बसशील.

तुमची,
मनू