मंत्रीमहोदय, माझ्या गाळ्यापर्यंत वायरी किती?

मा. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. आपलं घराणं मूळ साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं; तिथल्या शिंद्यांना त्यासाठी दुभाषा लागू नये.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल काढतो. गेल्या महिन्यात पाइपलाइनसाठी रस्ता खणताना वायर तुटली आणि नेट गेलं. टॉवेलच्या गाठी भरून टेम्पो दारात उभा, माल वाहतुकीला लागणारं ऑनलाइन ई-वे बिल निघेना. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नसते, म्हणून आमचा अकाउंटंट लॅपटॉप घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला आणि हॉटस्पॉटवर बिल काढलं. तेवढ्यात टेम्पोवाला दोनदा विचारून गेला, "मालक, आज निघायचंय का उद्या?"

वायर तुटते, त्याचं मला काही वाटत नाही. सोलापूर २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, तेव्हापासून खणलेल्या रस्त्यांची आम्हाला सवय आहे. माझी तक्रार अशी, की ती वायर तुटली तर दुसऱ्या कंपनीची घ्यायची सोय नाही.

दिल्लीहून बघितलं तर चित्र झकास दिसतं. देशात ब्रॉडबँडच्या जोडण्या ९० कोटींच्या वर गेल्या. पण त्यातल्या तारेवरच्या जेमतेम चार-साडेचार कोटी. बाकी जवळपास सगळा कारभार मोबाइलवर. मोबाइलच्या बाजारात २०१६ ला जिओ आली, डेटा स्वस्त झाला, त्याचा फायदा आम्हीही घेतला, ते नाकारणार नाही. पुढे एअरसेल बुडाली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, टाटांची मोबाइल सेवा एअरटेलकडे गेली. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. मोबाइलचे दर ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, ठरवत नाही. कंपन्या ठरवतात आणि ट्रायला कळवतात. स्पर्धा असेल तोवर हे ठीक, पण ती आटली की ग्राहकाच्या हातात काय उरतं?

तारेवर तर आणखी बिकट. आमच्या भागात पूर्वी दोन केबलवाले नेट द्यायचे. वेग बेताचा, पण फोन केला की पोरगं शिडी घेऊन तासाभरात हजर. मग एक मोठी कंपनी आली, वर्षभर पडेल दरात नेट दिलं. एका केबलवाल्याने वायरी गुंडाळल्या, दुसरा तिचाच एजंट झाला. आता तक्रार केली की फोनवर रेकॉर्ड केलेली बाई बोलते. कंपनी सोडावी म्हटलं, तर सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले. आणि सोडून जाणार कुठे? २०११ पासून मोबाइलला नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्या एका धाकाने कंपन्या वठणीवर राहिल्या. तारेच्या ग्राहकाजवळ असा कुठलाच धाक नाही.

म्हणून मागणी एकच. सरकारी पैशातून टाकलेली फायबर स्थानिक केबलवाल्यांना आणि छोट्या इंटरनेट कंपन्यांना जाहीर दराने भाड्याने द्या. बीएसएनएलला सावरायला सरकारने २०१९, २०२२ आणि २०२३ अशी तीन पॅकेजं दिली; २०२२ चं एकटंच १.६४ लाख कोटींचं. तो पैसा आमचाही आहे. बीएसएनएल आजही केबलवाल्यांना भागीदार करून घेते हे मला माहीत आहे, पण तिथे प्लॅन बीएसएनएलचा, दर बीएसएनएलचा. केबलवाला नुसता वायर ओढणारा. त्याला कोरी फायबर, म्हणजे सेवा न जोडलेली नुसती तार, मिळू दे, स्वतःच्या नावाने विकू दे, दर त्याचा त्याला ठरवू दे. भारतनेट या गावोगावी फायबर नेणाऱ्या योजनेच्या २०२३ च्या सुधारित आराखड्यात गावातल्या उद्यमीच्या हातून घरोघरी जोडणी द्यायचं तुमच्याच सरकारने मान्य केलंय. म्हणजे स्थानिक माणसावर भरवसा ठेवायला हरकत नाही. मग सोलापूरच्या साखर पेठेत, जुळे सोलापुरात किंवा आमच्या एमआयडीसीत का नको?

मोठ्या कंपन्या म्हणतील, छोट्यांना दर्जा सांभाळता येत नाही. तर मोजा ना! पण मोजताना जिल्हा मोजा. ट्राय आकडे सर्कल नावाच्या मोठ्या विभागांनुसार देते आणि त्यातल्या 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये गोवाही येतो. त्या बेरजेत सोलापूर कुठे दिसणार? आणि मोजायची पट्टीही बदला. जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएसचा वेग मिळाला की ते ब्रॉडबँड. त्याआधी ५१२ केबीपीएसवरच भागवत होतात, म्हणजे प्रगती आहेच म्हणायची.

एमआयडीसीतल्या पाचपन्नास कारखानदारांच्या सह्या घेऊन मी हेच निवेदन आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवतोय. भाड्याचा दर आणि तारीख, एवढं उत्तरात कळवलंत तरी पुरे.

आपला,
एक टेरी टॉवेल उत्पादक,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर