सुन्या, नऊशे पाचचं तुझंच खरं निघालं

काय बे सुन्या,

अक्षर ओळखलंस का? अक्षर कुठलं डोंबलाचं, मोबाईलवर टाईप करालोय. सात वर्षं झाली की रे. मधी तुझा वाढदिवसाला अंगठा आला होता, मी पण अंगठा टाकला, झालं बोलणं. आई बरी आहे, गुडघे तसेच. माझी शुगर आहे तिथंच आहे. हे संपलं.

तात्यांच्या गॅरेजमधला तो फोटो आठवतो का, ज्याच्यावरनं आपण भांडलो? डाकोटा, दुसऱ्या महायुद्धातलं दोन पंख्यांचं विमान, अंगावर व्हीपी ९०५. अजून तिथंच आहे, पान्यांच्या फळीच्या वर, मीच नव्या पेठेतनं लॅमिनेट करून आणलेला. २०१८ च्या मे महिन्यात दिल्लीजवळ हिंडनला हवाई दलानं ते विमान घेतलं, 'परशुराम' नाव ठेवलं, टीव्हीवर दाखवलं, आणि मी पळत जाऊन तात्यांना सांगितलं की तात्या, २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला पहिलं उतरलेलं विमान परत आलंय, तुमच्या उस्तादाचं विमान. उस्ताद म्हणजे तात्यांना काम शिकवणारे, त्या पहाटे दिल्लीत इंधन भरणाऱ्यांत होते म्हणून तात्या सांगायचे. म्हातारा टॉर्कचा पाना हातात धरून रडला बे. तू पण बघितलंस.

आणि तू रात्री सात रस्त्यावर चहा पिताना म्हणालास, "पप्प्या, नंबर प्लेट बदलली म्हणून गाडी ती होत नाही, चॅसी नंबर बघ." मी तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, तुझी पोरगी वाचेल.

तर तुझंच खरं होतं, हे विमान ते नव्हे. गेल्या महिन्यात नीट बसून वाचलं. हे विमान १९४४ चं, आधी ब्रिटिश हवाई दलात, मग तिकडंच खाजगी कंपन्यांकडं फिरलेलं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी २०११ ला विकत घेतलं, त्यांचे वडील एअर कमोडोर, स्वतः डाकोटा उडवलेले. हवाई दलाला भेट द्यायला गेले तर आधीच्या सरकारनं नको म्हटलं, मग संरक्षणमंत्री झालेल्या पर्रीकरांनी हो म्हटलं. इंग्लंडात दुरुस्त झालं आणि कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्यानं उडत जामनगरला आलं, २०१८ च्या १७ एप्रिलला निघून २५ ला पोचलं. आणि अंगावर मानानं नऊशे पाच रंगवलं. मानानं, फसवून नाही. कुणी खोटं बोललं नव्हतं बे, खोटं मी बोललो, ते पण न वाचता.

खरं सांगू का, डाकोटाची जातच अशी. लष्करी म्हणून दहा हजारांच्या वर बनली, युद्ध संपल्यावर स्वस्तात विकली, बंगळूरला विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलनं कितीतरी दुरुस्त करून सीटा बसवून दिल्या. १९५३ ला आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाईन्स झाली तेव्हा तिच्या वाट्याला ७४ डाकोटा आल्या. मालक बदलला की शेपटीवरचा नंबर खरवडायचा, नवा रंगवायचा. इंजिन तर काढ-घाल चालूच, आपल्या राजदूत मोटरसायकलसारखं. आपण टाकी बदलली, इंजिन बदललं, फोर्क बदलला, तरी आरसी बुकात ती तीच. (त्या फोर्कचे सहाशे रुपये तू अजून दिलेले नाहीस, हे या निमित्तानं.) तसा विमानाला कारखान्याचा नंबर. तो तेवढा मरेपर्यंत चिकटून.

आता माझी पंचाईत ऐक. १५ ऑगस्टला तात्या तो फोटो घेऊन शाळेत गेले, पोरांना सांगितलं हेच ते विमान, "आमच्या पप्प्यानं शोधून काढलंय." माझं नाव घेऊन बे! मी मागच्या रांगेत, चड्डीत हागल्यासारखा. आणि आता आठ दिवसांपासून एकच धोशा, मला दिल्लीला ने, एकदा हात लावायचाय. वय ८३, मध्यंतरी स्टेंट बसवलेला, आणि हवाई दलाच्या तळावर मला कोण आत सोडणार?

जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा त्यांना होटगी रोडला, आपल्या सोलापूरच्या विमानतळावर, नेलं होतं. विमानांच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली ती जागा बघून तोंड वाकडं केलं, पण ते छोटं एटीआर विमान उतरलं तेव्हा खूश, म्हणाले, "दोन इंजिनं, पंखे डोळ्याला दिसतात, बरं वाटलं." मग लगेच क्लास सुरू. गोल इंजिन, चौदा सिलिंडर, उभं राहिलं की ऑईल खालच्या सिलिंडरांत उतरतं, तसाच स्टार्टर मारला तर रॉड वाकतो, म्हणून आधी पंखा हातानं फिरवून घ्यायचा. हे ऐकून ऐकून तू बुलेटला सकाळी चावी न लावता दोन किका मारायचास ते आठवलं, एकटाच हसलो. ते म्हणाले काय झालं, मी म्हणालो सुन्या. ते गप्प झाले.

आणि परवा, दुकान बंद करताना, भिंग घेऊन फोटोजवळ उभे. बराच वेळ. मग माझ्याकडं न बघता, "पप्प्या, ह्याची मेकरच्या नंबराची पट्टी कुठं असंल रे? तू बघितलीस का?"

मी म्हणालो, नाही बघितली.

"हं," म्हणाले, आणि दिवा घालवला.

त्यांना माहीत आहे का बे? पहिल्यापासून माहीत होतं का? तीन रात्री झोप नाही. माहीत असेल तर शाळेत ते का बोलले? नसेल तर मी सांगू कसं? बायको म्हणते सोडा, विमान ते विमान. तिला काय सांगायचं, तिला राजदूत पण भंगारच वाटायची.

तुझं नाशिकचं घर झालं म्हणे, अभिनंदन. पोरगी बारावीला ना? वहिनींना नमस्कार.

गड्ड्याच्या जत्रेला ये. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी दुकान अर्धा दिवस उघडं असतं, तात्या स्टुलावर बसलेले असतात. तू सांग त्यांना. तुला ते मारणार नाहीत, तू पहिल्यापासून खरं बोलत होतास. मी बाहेर शटरपाशी थांबतो. सहाशे घेऊन ये.

तुझा,
पप्प्या