बूट ड्राइव्ह मेला, पूल जिवंत आहे

मिरज

प्रिय मंग्या,

परवा फोनवर घरचा सर्व्हर बंद पडल्याचं तुला अर्धवटच सांगितलं आणि तू मधेच "म्हणजे कॅसेटींचं सगळं गेलं का रे" म्हणून ओरडलास, तेवढ्यात रेंजपण गेली, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच टाकू. तुझ्याकडेही सर्व्हर चालवायला तीच ट्रूनॅस सिस्टीम, मांडणी तीच, आणि वर तुझा पूल, म्हणजे डिस्का जोडून केलेला डेटाचा साठा, एन्क्रिप्टेड, कुलूपबंद, त्यामुळे हे नुसतं माझं रडगाणं म्हणून वाचू नको, शेवटाकडचा भाग तर तुझ्यासाठीच आहे.

आधी हे की काहीही गेलेलं नाही. काकांनी मैफिलींमधे बसून भरलेल्या कॅसेटी, त्यावरून उतरवलेल्या सगळ्या फ्लॅक फाईली, आईचे स्कॅन केलेले फोटो, वैनीच्या मोबाईलचा बॅकअप, सगळं जिथल्या तिथं आहे. गेला तो फक्त बूटचा एसएसडी, म्हणजे सर्व्हर ज्यावरून चालू होतो तो छोटा ड्राइव्ह.

झालं काय, वादळात लाईट सारखी येत-जात होती, इन्व्हर्टरची बॅटरी पण उतरलेली, आणि शेवटी लाईट स्थिर झाली तेव्हा सर्व्हर काही उठेना. स्क्रीन लावून बघितली तर काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही एवढी एकच ओळ. आता अशा वेळी लोक लगेच ड्राइव्ह मेला म्हणून दुकानात पळतात, पण थांब, मदरबोर्डवर तो बटणासारखा सेल असतो ना, सीआर 2032, तो संपलेला असला आणि लाईट गेली की बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, सगळं विसरतं, बूट ऑर्डर, यूईएफआय का लेगसी, सगळं कंपनीतून आल्यासारखं होतं आणि मग ड्राइव्ह ठणठणीत असून मशीन बूट होत नाही. म्हणून आधी बायोसमधली तारीख बघायची. माझ्याकडे तारीख-वेळ बरोबर होती म्हणजे सेल ठीक. मग साटाची केबल बदलली, पॉवरची पिन बदलली, दुसऱ्या पोर्टला लावून बघितलं. ड्राइव्ह दिसत तर होता पण ब्रँडच्या नावाऐवजी कसलं तरी कोडसारखं नाव, आणि त्यातलं काही वाचायला गेलं की मशीन अडकून बसायचं. स्वस्तातल्या एसएसडीचं कंट्रोलर फर्मवेअर करप्ट झालं की असं होतं. अशा ड्राइव्हच्या मागे लागण्यात अर्थ नसतो, मी तर लगेच कात्रीच लावली त्या विषयाला.

आणि खरं सांगायचं तर मागे लागायची गरजच नव्हती. ट्रूनॅस स्वतः एका वेगळ्या छोट्या ड्राइव्हवर राहतं, त्याचा बूट-पूल वेगळा, आपला डेटाचा पूल वेगळा, आणि डेटाच्या पूलला बूट ड्राइव्हची काही पडलेली नसते. झेडएफएस, म्हणजे ट्रूनॅस डेटा ज्या पद्धतीने डिस्कवर ठेवतं ती फाईल सिस्टीम, आपली ओळख डेटाच्या डिस्कवरच लिहून ठेवतं, प्रत्येक डिस्कवर लेबलच्या चार प्रती, एकेक 256 केबीची, दोन डिस्कच्या सुरुवातीला आणि दोन शेवटाला, त्यात पूलचं नाव, त्याचा नंबर, मिररमधे, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर ठेवायच्या जोडीत, कोण कोण जोडीदार आहेत, सगळं. म्हणजे प्रत्येक डिस्क आपला सातबारा स्वतःच्या अंगावर घेऊनच फिरते, तलाठी बदलून गेला म्हणून जमीन कुठं जात नाही. सन मायक्रोसिस्टिम्सवाल्यांनी 2005 साली ओपनसोलारिसमधून झेडएफएस बाहेर काढलं तेव्हापासून हे असंच आहे, पूल एका मशीनवरून एक्स्पोर्ट करायचा, डिस्का उचलून दुसऱ्या मशीनला लावायच्या, तिकडं इम्पोर्ट करायचा. सनच्या स्पार्क प्रोसेसरच्या मशीनवर बनवलेला पूल इंटेलच्या मशीनवर उघडावा इतका विचार त्यात केलेला आहे, आपण तर नुसता एसएसडी बदलतोय. कुठल्या डिस्कला कुठला पोर्ट होता हे पण लक्षात ठेवावं लागत नाही. तुला आठवतंय ना, आपल्या पहिल्या ऑफिसात ते डिस्का जोडणारं रेड (RAID) कार्ड जळालं होतं आणि सेम त्याच मॉडेलचं कार्ड मिळावं म्हणून लॅमिंग्टन रोड पालथा घातला होता, साहेब मागे उभा राहून घाम पुसतोय! तो प्रकार इथं नाही.

तर कामाचं सांगतो. दुकानातून आपला साधा 128 जीबीचा एसएसडी आणला, त्याहून मोठा घ्यायचा नाही, सिस्टीमला 16-20 जीबी पुरतात आणि उरलेली जागा डेटाला वापरता येत नाही, उगाच पैसे वाया. इन्स्टॉलरची आयएसओ फाईल डाऊनलोड करून पेनड्राइव्हवर टाकली. व्हर्जन मात्र जे आधी चालू होतं तेच किंवा त्याच्या पुढचं घ्यायचं हां, मागचं घेतलंस आणि पूल मधे कधीतरी अपग्रेड केलेला असला, तर जुन्या झेडएफएसला त्यातले नवे फीचर कळत नाहीत आणि ते पूल घ्यायलाच नकार देतं. आणि इन्स्टॉलर चालू करायच्या आधी डेटाच्या दोन्ही डिस्कच्या साटा केबली काढून ठेवल्या. हे मी तुला तीन वेळा लिहू का? इन्स्टॉलर समोर डिस्कांची यादी टाकतो, एसडीए, एसडीबी, एसडीसी, आणि तू जी निवडशील ती तो पुसतो. रात्री अकरा वाजता डोळे चुरचुरत असताना त्या यादीवर भरवसा ठेवायचाच कशाला, डिस्क मशीनला लावलेलीच नसली तर पुसली जायचा प्रश्नच नाही.

इन्स्टॉल झालं, बंद केलं, डिस्का परत लावल्या, चालू केलं. वेब पेज उघडलं की स्टोरेजमधे पूल नाहीच असं दाखवतं आणि समोर मोठ्या अक्षरात क्रिएट पूल. मंग्या, खरा अपघात होतो तो इथं. डिस्क मेल्यामुळे जितके लोक डेटा घालवत नसतील तितके घाबरून हे बटण दाबून घालवत असतील असं माझं मत झालंय, कारण डिस्का दिसतायत, पूल दिसत नाही, माणसाला वाटतं बनवायला लागतोय वाटतं परत. बनवायचा नाही! इम्पोर्ट करायचा. त्याचं बटण बाजूलाच असतं, जरा गरिबासारखं.

मी मात्र बटणाच्या पण आधी शेलमधे, म्हणजे कमांड टाईप करायच्या पडद्यावर, गेलो. झेडपूल इम्पोर्ट एवढंच टाईप केलं की तो काही हात लावत नाही, फक्त कुठले पूल सापडले ते सांगतो. पूलचं नाव आलं, खाली मिरर, दोन्ही डिस्क ऑनलाईन. इथं मी चहा ठेवला. मग रीडओन्ली करून इम्पोर्ट केला, म्हणजे वाचता येतं पण एक अक्षर लिहिलं जात नाही. सरळ केलं तर तो कुरकुर करतो की हा पूल शेवटी दुसऱ्या कुठल्या तरी सिस्टीमने वापरलाय, ते खरंच आहे, नव्या इन्स्टॉलचा होस्ट आयडी, म्हणजे सिस्टीमचा ओळख-नंबर, वेगळा असतो आणि आधीच्या बिचाऱ्याला एक्स्पोर्ट करायची संधीच मिळालेली नाही, तिथं फोर्स द्यावा लागतो. त्या शब्दाला घाबरू नको, फक्त तोच पूल त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या मशीनला लावलेला नाही ना एवढी खात्री पाहिजे.

आता रीडओन्ली कशाला, तर कॉन्फिगसाठी, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगसाठी. डेटा पूलवर असतो हे खरं पण युजर कोण, शेअर कुठले, स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची स्थिती, कधी घ्यायचे, बॅकअप रात्री किती वाजता, हे सगळं बूट ड्राइव्हवर एका छोट्या डेटाबेस फाईलमधे असतं, आणि गेलं असतं तर तेच. माझ्या लॅपटॉपवर तिची एक प्रत होती, पण वैनीचं अकाउंट नि कॅसेटींचा शेअर त्यानंतरचे. आणि इथं ट्रूनॅसने मला खरंच खूश केलं. पूलवर डॉट सिस्टम नावाचा एक लपलेला डेटासेट, म्हणजे पूलमधला कप्पा, असतो, नेहमीच्या यादीत तो दिसत नाही, त्याच्या आत कॉन्फिग्सने सुरू होणारा अजून एक, आणि तो माउंट केला तर आत व्हर्जनच्या नावाचे फोल्डर, फोल्डरात तारखेच्या नावाच्या फाईली. म्हणजे हा पठ्ठ्या रोज पहाटे आपल्या कॉन्फिगची एक प्रत गुपचूप डेटाच्या पूलवर ठेवत होता! वादळाच्या दिवसाची पहाटेची फाईल तिथं बसलेली. ती लॅपटॉपवर ओढून घेतली, पूल एक्स्पोर्ट केला, आणि मग वेब पेजवरून ती फाईल अपलोड केली, मशीन रीस्टार्ट झालं आणि उठलं ते जुन्या नावानिशी, युजरांसकट, शेअरांसकट, पूल आपणहून जोडून.

ही फाईल मिळाली नसती तर जग बुडालं नसतं पण डोक्याला ताप झाला असता, कारण परमिशन. फाईलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, नंबर असतो, आई 3000, वैनी 3001 असं. नव्याने युजर करताना क्रम उलटा झाला की आईचं फोल्डर वैनीचं आणि वैनीचं आईचं, आमच्या घरात एवढं कारण पुरेसं आहे. तशी वेळ आलीच तर आधी शेलमधे फोल्डरांचे नंबर बघून घे आणि युजर करताना तोच नंबर हाताने टाक.

इमिच (फोटोंचं), जेलीफिन (गाणी-सिनेमांचं) वगैरे ॲप कसे आले विचारशील, तर ट्रूनॅस 24.10 पासून ते डॉकरवर चालतात आणि त्यांचा संसार पण डेटाच्या पूलवरच असतो, त्यामुळे ते आले. वैनीला तर कळलंही नाही, तिचा मोबाईल आपोआप परत फोटो चढवायला लागला. मग रात्रभर स्क्रब लावून दिला, म्हणजे प्रत्येक ब्लॉक वाचून चेकसम जुळतो का बघतो, सकाळी शून्य एरर.

आता तुझं. त्या पहाटेच्या फाईलीत एक गोम आहे. आत जे पासवर्ड असतात, मेलचा, क्लाउड बॅकअपचा, ते एका सीक्रेट सीडने, म्हणजे गुप्त आकडे-अक्षरांनी, कुलूपबंद असतात आणि ती सीड राहते बूट ड्राइव्हवर, पहाटेच्या प्रतीत ती येत नाही. मला त्याने काय फरक पडला, तर ते दोन-चार पासवर्ड परत टाकले, घरच्यांचे पण लगे हात नवे करून टाकले, संपलं. पण तुझा पूल एन्क्रिप्टेड आहे, आणि तू पासफ्रेज, म्हणजे स्वतः टाईप करायचा पासवर्ड, ठेवलेला नाहीस, "की" (key), म्हणजे सिस्टीमने जपायची किल्ली, ठेवली आहेस. ती कीसुद्धा त्याच डेटाबेसमधे त्याच सीडने बंद असते. म्हणजे तुझा बूट एसएसडी माझ्यासारखा गेला, तर पूल इम्पोर्ट होईल, दोन्ही डिस्क ऑनलाईन दिसतील, आणि डेटा कुलपातच राहील, कायमचा. मिरर आहे, स्नॅपशॉट आहेत, ह्यातलं काहीसुद्धा तिथं कामाला येत नाही.

म्हणून हे पत्र वाचून झालं की सर्व्हरच्या पेजवर जा. डेटासेट्समधे पूल निवडलास की एन्क्रिप्शनच्या चौकटीत एक्स्पोर्ट ऑल कीज आहे, त्यातून एक जेसन फाईल मिळते, ती आधी घे. मग सिस्टीममधे कॉन्फिग डाऊनलोड कर आणि करताना सीक्रेट सीडच्या चौकोनात टिक कर, ती नाही केलीस तर काही उपयोग नाही, टिक केलीस की डीबीऐवजी टार फाईल येते, त्यावरून ओळखू येईल. दोन्ही फाईली सर्व्हरवर ठेवू नको, हे सांगायला नको पण सांगतो, तू ठेवशील. एक पेनड्राइव्ह कपाटात, एक प्रत पासवर्ड मॅनेजरमधे, आणि पाहिजे तर एक माझ्याकडे पाठव, पण व्हॉट्सॲपवर नको रे बाबा, ज्याच्या हातात ती फाईल त्याच्या हातात तुझं घर.

तू फोनवर म्हणत होतास की बूटला पण दोन एसएसडी लावून मिरर करावं. करता येतं, बूट-पूलला दुसरा ड्राइव्ह जोडायची सोय आहेच. पण मला विचारशील तर घरच्या सर्व्हरला त्याची गरज नाही. तुझ्या त्या डब्यात साटाचे पोर्टच मोजके, त्यातला एक सिस्टीमला अडकवण्यापेक्षा तिथं डेटाची डिस्क बरी. ऑफिसचा सर्व्हर असता, लोक खोळंबले असते, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे एक संध्याकाळ बंद राहिला तर फार तर वैनी विचारते, फोटो का दिसत नाहीयेत. त्या पैशात छोटा यूपीएस घे, आणि तो यूएसबीने सर्व्हरला जोड म्हणजे बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर आपणहून नीट बंद होतो, मी पण तेच करतोय.

कीची फाईल एक्स्पोर्ट झाली की मेसेज टाक. नुसतं "झालं" नको, फाईल लॅपटॉपवर उघडून बघ, आत तुझ्या पूलचं नाव आणि पुढे लांबलचक आकडे-अक्षरं दिसतायत का ते बघ, आणि मग टाक.

तुझा,
अव्या