आयोवाचे वजन प्रतिनिधींत नाही, गळतीत आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी अध्यक्षपदाच्या प्रायमरींवर, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानावर लिहिताना ‘आयोवा आणि न्यू हॅम्पशायर (परंपरेने पहिली पाळी असलेली दोन लहान राज्ये) कौल देतात’ असे सर्रास म्हटले जाते. आकड्यांत हा कौल नगण्य आहे. २०२४ मध्ये उमेदवारावर शिक्कामोर्तब करणाऱ्या रिपब्लिकन अधिवेशनाच्या २,४२९ प्रतिनिधींपैकी आयोवाचे ४० होते, न्यू हॅम्पशायरचे २२. शिवाय हकबी (२००८), सँटोरम (२०१२) आणि क्रूझ (२०१६) हे तिघे आयोवा जिंकूनही उमेदवारीला मुकले. सँटोरम यांचे तर नशीबच फुटके. त्या रात्री रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले; सँटोरम ३४ मतांनी पुढे असल्याचे कळेपर्यंत दोन आठवडे उलटले होते.

खरे वजन आहे ते कोण गळतो यात. १५ जानेवारी २०२४ ला आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला (पक्षाच्या स्थानिक मतदान-सभांना) जेमतेम १ लाख १० हजार लोक आले. रामस्वामी त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले, डिसँटिस सहा दिवसांनी. १२ मार्चला ट्रम्प आणि बायडेन या दोघांचेही उमेदवारीला लागणाऱ्या प्रतिनिधींचे गणित पूर्ण झाले. मराठी घरे मोठ्या संख्येने असलेल्या न्यू जर्सीत प्रायमरी होती ४ जूनला!

त्यात कॉकस म्हणजे दिवसभर उघडे असणारे मतदान केंद्र नव्हे. संध्याकाळी सातच्या ठोक्याला शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये हजर राहायचे. रात्रपाळी असेल किंवा मूल सांभाळायला कोणी नसेल तर मत गेले. आयोवाचे डेमोक्रॅट २०२० पर्यंत उमेदवारनिहाय गट करून उभे राहत. बहुतेक ठिकाणी १५ टक्क्यांखालचा गट बाद होई आणि त्यातल्यांनी दुसऱ्या गटात जायचे. त्या वर्षी प्रत्येक केंद्राकडून पहिली फेरी, शेवटची फेरी आणि त्यावरून निघणारे प्रतिनिधी असे तिन्ही आकडे मागवले गेले. अ‍ॅप कोलमडले, पर्यायी फोन लागेनात आणि निकाल कित्येक दिवस लटकला.

‘बायडेन २०२० मध्ये आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे येऊनही जिंकलेच ना?’ हा नेहमीचा प्रतिवाद. पण माजी उपाध्यक्षाला जो धीर परवडतो, तो नवख्याला परवडत नाही; दोन पराभवांनंतर त्याच्या देणग्या आटतात. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाने बायडेन यांना सावरले आणि पुढच्या दोन दिवसांत त्यांचे प्रतिस्पर्धी बुटिजेज व क्लोबुशार यांनी माघार घेतली. ३ मार्चला कॅलिफोर्नियाची प्रायमरी होती, पण तिथल्या टपाली मतपत्रिका महिनाभर आधीच घरोघर गेल्या होत्या. ज्यांनी या दोघांना मत देऊन पाकीट टाकले होते, त्यांना ते बदलता आले नाही.

म्हणून ‘पहिले कोण’ या भांडणापेक्षा पसंतीक्रमाची मतपत्रिका मला अधिक कामाची वाटते. पहिला उमेदवार बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे जाते. अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅटांनी २०२० मध्ये ती वापरली आहे. साऱ्या देशात एकाच दिवशी प्रायमरी घेणे मात्र वाईट; कॅलिफोर्निया-टेक्सासात टीव्ही जाहिराती परवडणाराच त्यात टिकेल. सुरुवात लहान राज्यांतूनच व्हावी, फक्त त्यांची पाळी बदलावी.

आणि अडते ते इथेच. आपली प्रायमरी इतरांच्या किमान सात दिवस आधी झाली पाहिजे, असा न्यू हॅम्पशायरचा राज्य कायदाच आहे; तो पक्षाला बदलता येत नाही. २०२४ साठी डेमोक्रॅट पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला, तरी न्यू हॅम्पशायरने २३ जानेवारीला मतदान उरकले. बायडेन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवले. अधिवेशनात त्या राज्याचे प्रतिनिधीही शेवटी बसलेच. मग उशिराची राज्ये तारीख अलीकडे का ओढत नाहीत? न्यू जर्सीने २००८ मध्ये ५ फेब्रुवारीला वेगळी प्रायमरी घेऊन पाहिली. पण स्वतंत्र निवडणुकीचा खर्च नको म्हणून २०१२ पासून ती पुन्हा जूनमध्ये, इतर प्रायमरींबरोबर होऊ लागली.

— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी