प्रशिक्षित कुत्र्यांसाठी शाळेचं फाटक उघडं ठेवा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

पुणे जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी बावीस वर्षं शिकवते आहे. गेल्या जूनमध्ये माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आली. वाचायला उभी केली की ती पुस्तकाची कड दुमडत राहायची, पहिल्याच अक्षरावर अडकायची आणि तिला रडू फुटायचं.

आमच्या गावातल्या एक निवृत्त बाई त्यांची प्रशिक्षित लॅब्राडोर कुत्री, राणी, दर गुरुवारी शाळेत आणत. राणी बस्करपट्टीवर आडवी व्हायची आणि ही मुलगी तिच्या पाठीवर हात ठेवून बालभारतीचा धडा वाचायची. शब्द अडला की थांबायची, राणीच्या कानामागे खाजवायची, पुन्हा तोच शब्द घ्यायची. तिथं चूक काढणारं, हसणारं कोणी नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीआधी तिनं परिपाठाला सुविचार वाचला. हळू वाचला, पण पूर्ण.

दिवाळीनंतर राणी आली नाही. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला. तो आदेश मला मान्य आहे. माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या पोटरीवर चाव्याचा वण आहे आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. पण लस घेतलेली, पट्ट्यात असलेली, मालकिणीसोबत येणारी राणी भटकी नाही. मुख्याध्यापकांनी लेखी परवानगी मागितली. ती कोणी द्यायची, हे कुणालाच सांगता येईना. मी त्यांना दोष देत नाही.

हे काही नवं खूळ नाही. अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी 1962 मध्येच, कुत्रा जवळ असला की अबोल मुलं बोलू लागतात, असं लिहून ठेवलं. तिथल्याच युटा राज्यात 1999 पासून मुलं कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवतात. आपल्याकडे जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत समुपदेशक हवा, असं बजावलं. समुपदेशकाची जागा कुत्रा घेऊ शकत नाही. पण जे मूल समुपदेशकासमोर मान वर करत नाही, ते कुत्र्याशेजारी बसून बोलू लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून एक स्पष्ट शासन निर्णय काढा. कुत्र्याचं लसीकरण, जंतनाशक आणि स्वभावाची तपासणी पशुवैद्यकाच्या दाखल्यासह असावी. पालकांची लेखी संमती घ्यावी. ज्या मुलाला भीती वाटते किंवा ॲलर्जी आहे, त्याला दुसऱ्या खोलीत काम द्यावं, कुणावरही बळजबरी नको. कुत्र्यालाही अर्ध्या तासानंतर विश्रांती हवी, तो दमला की चिडतो. सुरुवात प्रत्येक जिल्ह्यात दोन-चार शाळांपासून केली तरी चालेल.

येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हा निर्णय निघावा, ही विनंती. ती मुलगी तेव्हा चौथीत असेल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका