तंबू पाण्याकाठी नको, खळ्यावर टाका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की ‘शहराजवळची कॅम्पिंगची ठिकाणे’ असा मजकूर सगळीकडे येऊ लागतो. सोबतचा फोटोही ठरलेला असतो: पाण्याला टेकलेला केशरी तंबू आणि मागे डोंगर. जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव इथून दीड-दोन तासांत गाठता येणाऱ्या जागांचा विचार केला, तर तंबूसाठी सर्वांत वाईट जागा हीच आहे.

धरणाचा काठ एका जागी राहत नाही. दिवाळीनंतर हतनूरचे पाणी जसजसे मागे सरकते, तसतशी गाळपेर, म्हणजे तळातली गाळाची जमीन, उघडी पडते. वरून पापडी वाळलेली दिसते, पण टाच दाबली की खाली लोणी. त्यात ठोकलेली खुंटी दोन बोटांनी उपसून निघते. शिवाय रात्री गार हवा उताराने खाली येऊन पाण्यालगत साचते, त्यामुळे दव तिथेच सर्वांत जास्त. पहाटे तंबूच्या आतून थेंब टपकतात आणि लोक दुकानदाराला शिव्या घालतात. तंबू गळत नसतो, आपल्याच श्वासाची वाफ गार कापडावर जमते. पाण्यापासून पंचवीस-तीस फूट उंचीवरच्या मुरमाड टेपाडावर तंबू टाकला आणि दोन्ही बाजूंच्या झरोक्यांची वरची चार बोटे उघडी ठेवली, तर हा त्रास निम्म्याहून कमी होतो. अनेर धरणाकडे जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. तो परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे ‘मोकळाच तर आहे काठ’ हे तिथे चालत नाही.

नदीच्या वाळूत तंबू टाकणे त्याहून धोक्याचे. पाऊस संपला म्हणजे गिरणेचे पात्र कोरडेच राहणार, असे बाहेरून येणाऱ्याला वाटते. पण गिरणा धरणातून पिण्याच्या पाण्याचे आवर्तन सुटते ते या पात्रातूनच, आणि ते गावापाशी दिवसाउजेडीच पोहोचेल असे नाही. आवर्तनाची बातमी आपल्याच दैनिकात आतल्या पानावर असते. जाण्याआधी ती शोधावी आणि गावात पोलीस पाटलांना विचारावे.

पाटणादेवी, पाल ही नावे यादीत नेहमी असतात. पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे, पाल यावल अभयारण्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम नाही आणि आग पेटवायलाही मनाई आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे आणि ते दाखवतील त्या जागीच राहावे. नाल्याच्या काठची सपाट जागा कितीही मोहक दिसली तरी आधी झुडपांकडे पाहावे. फांद्यांत कमरेच्या उंचीवर पाचोळा, काड्या, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतील आणि गवत एकाच दिशेला झोपलेले असेल, तर पाणी तिथवर चढते. ३१ ऑगस्ट २०२१ ला पाटणादेवीकडच्या डोंगरांतून उतरलेल्या डोंगरी आणि तितूर नद्यांनी चाळीसगावची काय अवस्था केली, ते तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात या जंगलांत दिवसा जाऊन दिवसाच परतावे. कड्यांवर आणि सावरीच्या झाडांवर आग्या मोहोळ असते. खाली धूर केला की ते उठते, आणि मग तंबूची चेन लावून भागत नाही.

मग शहराजवळ तंबू टाकायचा तरी कुठे? आमचे मत असे की खानदेशात याचे उत्तर पर्यटनस्थळात नसून शिवारात आहे. ओळखीच्या शेतकऱ्याचे जुने खळे, म्हणजे मळणीची जागा, असेल, तर त्याहून चांगली जागा नाही. जमीन चोपून घट्ट झालेली, सभोवारपेक्षा थोडी उंच, विहीर जवळ आणि परवानगीचा प्रश्न एका फोनवर सुटणारा. भरताच्या पार्टीला आपण नाहीतरी शेतातच जातो. वांगी कापसाच्या पऱ्हाटीवर भाजून, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन रात्री अकराला गाडी हाकत परतण्यापेक्षा तिथेच झोपावे. खळे नसेल तर विहिरीवरच्या खोलीपुढचे अंगण चालते. ज्वारी-मका काढलेले रान सपाट दिसते, पण धसकटे तंबूचा तळ फाडतात. बाभळीखाली सावली मिळते आणि काटेही. सतरंजी अंथरण्याआधी तळहात जमिनीवरून फिरवावा, डोळ्यांना न दिसलेला काटा हाताला लगेच कळतो.

शेतकऱ्याला तीन गोष्टी विचारायला विसरू नये. या आठवड्यात लाइट रात्रीची आहे का? असेल तर मध्यरात्री मोटार सुरू होईल आणि पाट फुटला तर पाणी तंबूखाली येईल. रानडुकरांसाठी आसपास कुणी कुंपणात वीज सोडतो का? आणि फवारणी कधी झाली? यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागेला खेटून तंबू नको. ओल, डास, उंदीर आणि उंदरांमागे साप, शिवाय दाट बागेत बिबट्याही बसलेला असू शकतो. पन्नासेक पावले मोकळे रान मध्ये असू द्यावे.

आता खुंट्या. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या आपल्या मुरमात पहिल्या घावाला वाकतात. लोहाराकडून दहा मिलिमीटर सळईच्या नऊ इंची दहा-बारा खुंट्या करून घ्याव्यात. काळ्या मातीसाठी फूटभर लांबीच्या लागतात. खुंटीचे डोके तंबूपासून बाहेर कललेले असावे आणि दोरी तिच्याशी काटकोनात यावी. सरळ ठोकलेली खुंटी वाऱ्याच्या हिसक्याने उपसते. धुळ्याजवळच्या लळिंगच्या टेकडीसारख्या कातळावर खुंटी शिरतच नाही, तिथे दोरी दहा-पंधरा किलोच्या दगडाला बांधावी. तंबूखालचा प्लास्टिक कागद तळापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटे लहान हवा. तो बाहेर डोकावला तर दव त्यावर जमून थेट अंथरुणाखाली येते. आणि ‘चार माणसांचा’ म्हणून विकतात त्या तंबूत पिशव्यांसकट तिघेच मावतात.

उतार कसा ओळखावा? जमिनीवर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे पळते ते पाहावे, मग तंबू उभारण्याआधी तिथेच आडवे होऊन बघावे. डोके चढाच्या बाजूला. दार वाऱ्याकडे नसावे. माणशी चार-पाच लिटर पाणी बरोबर न्यावे, चौघांना वीस लिटरचा जार कसाबसा पुरतो. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, म्हणून अंगावर दोन पांघरुणे घेण्यापेक्षा एक अंगाखाली घ्यावे. थंडी जमिनीतून जास्त लागते. निखाऱ्याची शेगडी तंबूच्या आत नेऊ नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यालाच चावते, त्यामुळे चेन पूर्ण लावलेली हवी आणि चपला आत. दंश झालाच तर चिरणे, आवळणे, चोखणे काही न करता १०८ ला फोन लावून सरळ रुग्णालय.

हंगाम तरी किती? ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. नंतर वणव्याचे दिवस सुरू होतात, आणि वाळलेल्या कुरणात एक काडी पुरते.

आपल्याला एकच विनंती. असे फोटो छापताना खाली जागा कोणत्या महिन्यांत योग्य, परवानगी कोणत्या कार्यालयाची आणि सर्पदंशावरचे औषध ठेवणारे जवळचे रुग्णालय कोणते, एवढ्या तीन ओळी छापाव्यात. फोटो थोडा लहान झाला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव